लाल दिवा लागतो, पण आवाज पोहोचत नाही



आपल्या पेजवर बोटुकली कधी येणार, जाळ्याचं सूत कुठे मिळेल, तलावाचा लिलाव कधी, हेच चालतं. आज थोडं वेगळं लिहितो. ओळखीच्या एका काकांकडे हॅम रेडिओचा सेट आहे. तो सेट दोन महिने लपंडाव खेळत होता. दुरुस्ती चालू असताना मी मल्टिमीटर धरून शेजारी बसलो होतो. सेटचं बटण दाबून बोललो मात्र नाही, कारण माझ्याकडे लायसन नाही आणि लायसनशिवाय बोलणं हा गुन्हा आहे.

रेडिओचा आपल्याशी काय संबंध, असं काहीजण विचारतील. आपली कन्हान पावसाळ्यात कशी चढते हे तुम्हाला सांगायला नको. केंद्रीय जल आयोगाचं नदी मोजायचं ठिकाण रामाकोन्याला आहेच, आणि अशा ठिकाणांहून पाण्याची पातळी वर्षानुवर्षं वायरलेसनेच कळवली जायची. ऑगस्ट २०२० च्या पुरात आपल्याच छिंदवाडा भागात पेंच नदीत अडकलेल्या माणसाला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने काढलं होतं. अशा रात्री लाइट जाते, मग टॉवर जातो, मग मोबाइल नुसता टॉर्च म्हणून उरतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानात फोन बंद पडले, तेव्हा भारती प्रसाद या हॅम ऑपरेटर योगायोगाने त्याच सुमारास पोर्ट ब्लेअरला सेट घेऊन गेलेल्या होत्या. कित्येक घरांपर्यंत आपलं माणूस जिवंत आहे हा निरोप त्यांच्या आणि साथीदारांच्या रेडिओवरून पोहोचला.

आता मूळ गोष्ट. काकांचा सेट गाडीत बसवतात तसला, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालणारा, जास्तीत जास्त ५० वॅटचा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, बॅटरीला चार्जर कायम लावलेला. रोज संध्याकाळी तीसेक किलोमीटरवरच्या एका हॅमशी त्यांचं बोलणं असतं. एक दिवस तिकडून निरोप आला, "काका, तुमचा आवाज मध्येच जातोय." इकडे तर सगळं ठीक. तिकडचा आवाज खणखणीत ऐकू येतोय, बटण दाबलं की लाल दिवा लागतोय. दुसऱ्या दिवशी काहीच तक्रार नाही. चार दिवसांनी पुन्हा तेच.

ऐकू येत नसेल तर आपल्याला लगेच कळतं. पण आपलं बोलणं जात नसेल, तर ते पलीकडच्याने सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नाही. त्या लाल दिव्यावर आम्ही फार विश्वास ठेवला. दिवा एवढंच सांगतो की बटण दाबलं गेलं आहे. अँटेनाकडे किती वॅट निघाले याचा त्याला पत्ता नसतो.

काकांनी सेट तीनदा उघडला. स्क्रू आवळले, आत ब्रश फिरवला, झाकण लावलं, की सेट दोन दिवस छान. मग शहरातल्या एका दुकानदाराला फोन केला. त्याने सेट न पाहताच सांगितलं की आतलं पॉवर मॉड्यूल गेलं, बदलून टाका. खर्च हजारांत. काका तयारही झाले होते. मी म्हटलं, काका, मोटर जळाली तर ती रोज सकाळी सुरू होत नाही ना? जळालेलं मॉड्यूल बहुतेक वेळा मेलेलंच राहतं. जे कधी चालतं, कधी चालत नाही, तिथे आधी जोड, संपर्क नाहीतर गरम होणं पाहायचं. हे मी काही पुस्तकात वाचलेलं नाही, सोसायटीच्या पंपावर शिकलोय.

मग आम्ही एक वही केली. तारीख, वेळ, किती वॅटवर बोलले, लाइट होती की नव्हती. बारा दिवसांत पाच वेळा आवाज गेला. आणि पाचही वेळा गावात लाइट गेलेली होती! दिवसा, चार्जर चालू असताना, एकदाही नाही. म्हणजे दिवसा तपासून "ओके" म्हणायचं, आणि वादळाच्या रात्री बरोबर त्याच वेळी सेट मुका. वही पाहून काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

रविवारी बसलो. काकांनी अँटेना काढून त्या जागी डमी लोड लावला. हा ५० ओहमचा मोठा रेझिस्टर असतो, सेटची सगळी ताकद त्यात उष्णता होऊन जाते, हवेत काही जात नाही. अँटेना काढून रिकाम्या सॉकेटवर बटण कधीच दाबू नका, त्याने खरोखरच मॉड्यूल जळू शकतं. मध्ये पॉवर मीटर. चार्जर बंद केला. ५ वॅटवर बटण दाबलं, काटा हलला नाही, मिनिटभर एकसारखा. ५० वर टाकलं. सुरुवातीला बरोबर, पण अर्ध्या मिनिटात काटा घसरू लागला आणि एकदम खाली. लाल दिवा तसाच लागलेला! म्हणजे छपरावरची अँटेना आणि तिची केबल यांचा दोष नव्हता. निम्मं काम तिथेच झालं.

पुढे मल्टिमीटर. बॅटरीच्या टोकांवर बटण दाबलेलं असताना १२.३ व्होल्ट. सेटच्या मागच्या टोकावर त्याच वेळी १०.२. मधल्या तीन मीटर वायरमध्ये दोन व्होल्टच्या वर कुठेतरी गळत होते. काकांच्या सेटला निदान साडेअकराच्या वर लागतात.

ऐकताना काही बिघडत नव्हतं ते का, हेही तेव्हाच कळलं. ऐकताना सेट जेमतेम अर्धा अँपिअर घेतो, ५० वॅटवर बोलताना दहाच्या आसपास. वाटेत कुठे ०.२ ओहमचा अडथळा असेल तर ऐकताना ०.१ व्होल्ट जातो, कोणाला कळत नाही. बोलताना दोन व्होल्ट जातात. आणि त्या अडथळ्याच्या जागी २० वॅटची उष्णता होते, म्हणून तो तापतो आणि आणखी वाढतो. चार्जर चालू असला की बॅटरी तेराच्या वर असते, दोन व्होल्ट गेले तरी सेट कसाबसा तगतो. लाइट गेली की तोही आधार जातो.

काकांनी वायरवरून हात फिरवत नेला आणि बॅटरीजवळ एकदम मागे घेतला. चटका बसला. काळ्या वायरमधला फ्यूज होल्डर! लाल वायरमधला आम्ही चार वेळा पाहिला होता, चकचकीत होता. अशा सेटच्या वायरीत काळ्या बाजूलाही फ्यूज असतो, हे माझ्या तर ध्यानातच नव्हतं, आणि काका म्हणतात मलाही विसर पडला. उघडला तर आतलं पितळ हिरवं, स्प्रिंग ढिली, प्लास्टिक एका बाजूने वितळलेलं. फ्यूज मात्र शाबूत. होल्डर बॅटरीच्या अगदी वर लोंबकळत होता, तिच्या वाफेने खाल्ला. सेट उघडायला टेबलावर ओढला की वायर हलायची, संपर्क जरा बरा व्हायचा, आणि आम्हाला वाटायचं झाकण काढल्याने दुरुस्त झालं.

नवा पात्याच्या फ्यूजचा होल्डर आणला, बॅटरीपासून हातभर लांब बसवला, पण सेटजवळ नाही, कारण फ्यूज वायरचंही रक्षण करतो. दोन्ही वायरी ४ चौरस मिलिमीटरच्या घेतल्या. लग दाबून वर टाका दिला, टोकं आवळून वरून व्हॅसलिन. पुन्हा मोजलं, बोलताना सेटपाशी १२ व्होल्ट. काटा पाच मिनिटं जागचा हलला नाही. एकूण खर्च दोनशेच्या आत. तलावावरच्या राखणीच्या झोपडीतला सोलर दिवा मिचमिचतो म्हणून बॅटरी बदलायची मागणी आली आहे, तिथेही आधी वायरीची टोकं पाहू, मग बॅटरीचं बोलू.

आठ दिवसांनी तिकडून पुन्हा तीच तक्रार! काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण या वेळी मीटरचा काटा ५० वरच होता. मग काकांनी पलीकडे विचारलं, "माझा आवाज जातो तेव्हा तुमच्याकडे खरखर येते, की एकदम शांत होतं?" उत्तर आलं, शांत होतं. एफएमवर आपली लहर पोहोचत असेल तर तिकडची खरखर दबते. म्हणजे लहर जात होती, तिच्यावर बोलणं चढत नव्हतं. मग सेट, बॅटरी, अँटेना कशालाही हात लावायचं कारण नव्हतं. माइकची गुंडाळलेली वायर बुडापाशी वाकवून पाहिली, वाकवली की आवाज जायचा, सरळ केली की यायचा. आतली एक तार तुटली होती. दोन इंच कापून पुन्हा जोडली, पंधरा मिनिटांचं काम.

तिघा-चौघांनी विचारलं की असे सेट सोसायटीने घ्यावेत का. हॅम सेटवर धंद्याचं बोलणं चालत नाही, त्यामुळे मासळीचा भाव त्यावर कळवता येणार नाही. पूर-भूकंपात नेहमीचे फोन पडले की मदतीचे निरोप लायसनवाला देऊ शकतो. लायसन दूरसंचार विभाग परीक्षा घेऊन देतो. बारा वर्षांच्या पोरापासून कोणीही बसू शकतं, आणि खालच्या दर्जाच्या परीक्षेला मोर्स कोड लागत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे वॉकी-टॉकी मात्र न विचारता मागवू नका, त्यातले बरेच लायसनशिवाय वापरता येत नाहीत. दोघा-तिघा पोट्ट्यांनी परीक्षेची तयारी दाखवली, तर काका शिकवायला तयार आहेत, रविवारी सकाळी.

गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊला काकांनी मुद्दाम मेन स्विच पाडला आणि अंधारात बटण दाबलं. तिकडून उत्तर आलं की आवाज स्वच्छ आहे, आणि काका, जेवण झालं का?

तो वितळलेला फ्यूज होल्डर मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. पाहायचा असेल तर या.