दात घासून पांढरे होत नाहीत

जुन्नर-आंबेगावातल्या अनेक घरांत, विशेषतः बायकांमध्ये, मशेरीची सवय अजून आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू बोटाने घासली की दात स्वच्छ होतात, असा समज. दात काळवंडले की लग्नसराईच्या तोंडावर कोळशाची पूड, मीठ, लिंबू सुरू होतं. गार पाण्याने ज्याचे दात शिवशिवतात त्याने नेमकं हेच करू नये. दाताचं वरचं कवच, इनॅमल, पांढरट आणि अर्धपारदर्शक असतं. खालचं डेंटिन मुळातच पिवळसर. लिंबाच्या आम्लाने कवच मऊ होतं, खरखरीत पुडीने झिजतं, आणि ते पुन्हा वाढत नाही. मग आतला पिवळेपणा जास्त दिसतो, शिवाय डेंटिनमधल्या सूक्ष्म नळ्या उघड्या पडून गार-आंबट लागताच नसेला कळ बसते. पांढरेपणासाठी केलेल्या घासण्यातून दात पिवळाही होतो आणि दुखराही.

पूर्वीची माणसं राखुंडीच वापरायची, त्यांचे दात कुठे पडले, असं विचारलं जातं. पण त्या काळी साखर किती कमी खाल्ली जायची, हे त्यात धरलेलं नसतं. भीमाशंकरच्या रानातला हिरडा तुरट असतो, त्याने हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात हे खरं. पण खाली सरकलेली हिरडी त्याने वर येत नाही. मशेरीने बरं वाटतं ते निकोटिनमुळे, आणि तीच तंबाखू तोंडाच्या कर्करोगाचं कारण आहे. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ साली केंद्राने बंदी केली; घरचा तवा मात्र त्या बंदीबाहेरच राहिला.

डाग वरवरचे असतील तर डॉक्टरांकडून दात साफ करून घेणं बहुधा पुरतं. त्याने दात हलतात ही भीती खोलवर रुजलेली आहे. खरं तर हिरडीच्या आजाराने आधीच सैल झालेला दात कीटणाच्या आधाराने उभा असतो. कीटण निघालं की ते कळतं. त्यानंतर काही दिवस शिवशिवणं वाढू शकतं. म्हणून दात उजळवण्याआधी काही आठवडे मऊ ब्रश आणि पोटॅशियम नायट्रेट किंवा फ्लोराइड असलेली पेस्ट वापरावी. कळ शमल्यावरच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं दात उजळवणारं सौम्य जेल वापरावं, तेही गरज पडल्यास एक दिवसाआड. जोरकस जेल लवकर उजळवतं, पण पेरॉक्साइड कवचातून नसेपर्यंत झिरपतं आणि दुखऱ्या दाताला ते सोसत नाही. कॅप किंवा सिमेंट मात्र जेलने उजळत नाही. पुढचा दात भरायचा असेल तर आधी उजळून घ्यावा, रंग स्थिरावायला दोनेक आठवडे द्यावेत आणि मग त्याला जुळणारं सिमेंट भरावं.