जात्यावर बसलं की ओवी सुचते : कठीण काळात मनाची निगा

कठीण काळ, स्वतःची काळजी आणि निर्मिती असा आजचा विषय आहे. हा विषय म्हटला की एक प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. घरात कुणी अंथरुणाला खिळलंय, नोकरी गेलीय, हाताशी आलेलं पीक पावसानं नेलंय, किंवा घरातलं माणूस नुकतंच गेलंय. अशा वेळी चित्र काढा, गाणं म्हणा, वहीत लिहा असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं नाही का? मन थाऱ्यावर असेल तेव्हा माणूस या गोष्टी करील ना!

आम्ही समुपदेशनाचं काम करतो, त्यामुळे या प्रश्नाला बगल देऊन आम्हाला चालत नाही. त्याचं उत्तर आज आपण आपल्याच घरातून शोधायला सुरुवात करू. मराठीत एक म्हण आहे : जात्यावर बसलं की ओवी सुचते. तिच्यातला क्रम बघा. आधी ओवी सुचली आणि मग बाई जात्यावर बसली, असं नाही. आधी बसणं, मग सुचणं. आपण मात्र उलटं धरून बसतो. मन बरं झालं की काही करू, असं म्हणतो, आणि काहीच करत नाही म्हणून मन आणखी खचतं.

जात्यावर नेमकं काय घडायचं, हे जरा बारकाईनं पाहू. पहाटेची वेळ, घर झोपलेलं. एकटी बाई, नाहीतर सासू-सून किंवा जावा-जावा समोरासमोर. खुंट्याला हात, जात्याची घरघर, आणि त्या लयीवर ओवी. त्यात माहेरची आठवण असे, भावाची वाट पाहणं असे, सासुरवास असे, गेलेल्या लेकराचं दुःख असे. दिवसभर जे तोंडातून काढायची सोय नव्हती, ते तिथे निघायचं. ओवी कुणाला तरी उद्देशून असायची : आईला, भावाला, विठोबाला, कधी खुद्द जात्याला. आणि ती चांगली झाली की वाईट, हे ठरवायला समोर कुणी परीक्षक नव्हता. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. आज त्या 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात.

यात कुणी फार रमून जाऊ नये. दळण हे कष्टाचंच काम होतं. पिठाची गिरणी आली आणि बायकांचे खांदे सुटले, हे चांगलंच झालं. पण जात्याबरोबर आणखी एक गोष्ट घरातून गेली. रोजची ठरलेली वेळ, हाताला लय, मनातलं बोलायला मोकळीक आणि ऐकणारं कुणीतरी, या चार गोष्टी एकाच जागी मिळत होत्या. ती जागा गेली, आणि तिच्याऐवजी दुसरी काही आपण केली नाही. कठीण काळात मनाची निगा राखायची म्हणजे या चार गोष्टी पुन्हा जमवायच्या, एवढंच आज आम्हाला सांगायचं आहे.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. ऐन तिशीच्या सुमारास वैधव्य आलं, पदरात मुलं, शेतीची कामं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या घरकाम आणि शेतकाम करता करता गाणी रचत, आणि ती घरातल्या मुलांनी लिहून घेतली म्हणून राहिली. त्यांचं पुस्तक १९५२ साली आलं, त्या गेल्यानंतर. म्हणजे गाणी रचली जात होती तेव्हा डोळ्यांपुढे ना पुस्तक होतं, ना वाचक. आता तुम्ही म्हणाल, त्या बहिणाबाई होत्या, आम्ही कुठे! खरं आहे. त्यांच्यासारखी प्रतिभा मागून मिळत नाही. पण हातातलं काम आणि तोंडातले शब्द यांची सांगड मात्र कुणालाही घालता येते.

आता क्रमाच्या मुद्द्याकडे येऊ. 'आधी कृती, मग उत्साह' हे तत्त्व नैराश्याच्या उपचारातही वापरतात. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. फिरणं सुटतं, शेजारणीशी बोलणं सुटतं, देवपूजा सुटते, बागेला पाणी घालणं सुटतं. जेवढं सुटतं तेवढं बरं वाटण्याचे प्रसंग कमी होतात, आणि मन अजून खाली जातं. या उपचारात समुपदेशक त्या माणसाबरोबर बसून एकेक छोटी कृती परत दिवसात आणतो, इच्छा व्हायची वाट न बघता.

हे आपल्या शेजारी गोव्यात पारखून पाहिलं गेलं आहे. तिथल्या 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांबरोबर काम केलं. अर्ध्यांना नेहमीची वैद्यकीय सेवा दिली, आणि अर्ध्यांना त्या सेवेच्या जोडीला अशी कृतीवर आधारलेली सहा ते आठ सत्रं. सत्रं घेणारे लोक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी पाहिलं, तर नुसत्या नेहमीच्या सेवेत ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, आणि सत्रं मिळालेल्यांत ६४ टक्के. हा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यात कुणाला चित्रकार बनवलेलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या आयुष्यात बसतील अशा छोट्या कृती होत्या.

मग त्या कृतींमध्ये काहीतरी घडवण्याला वेगळी जागा का? एक कारण हात. गोधडी शिवताना, रांगोळी घालताना, मातीचा गोळा मळताना नजर आणि बोटं एकाच ठिकाणी लागतात. चिंता बहुधा पुढच्या महिन्यात असते, पश्चात्ताप मागच्या वर्षात असतो. धावदोरा मात्र आत्ता, इथे घालावा लागतो. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंगीत पेनं आणि कागदाचे तुकडे देऊन हवं ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं, म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं संप्रेरक. सुमारे पाऊण लोकांत ते कमी झालं. आणि कलेचा अनुभव असलेले आणि नसलेले यांच्यात त्या बाबतीत फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण 'मला येत नाही' ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही, असं म्हणायला त्यानं आधार मिळतो.

दुसरं कारण शब्द. टेक्ससमध्ये जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशदायक घटनेवर. काय घडलं आणि त्या वेळी काय वाटलं, ही दोन्ही ज्यांनी लिहिली, त्यांना लिहून झाल्यावर लगेच वाईटच वाटलं. पण पुढच्या महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात त्यांच्या खेपा कमी झाल्या. पेनबेकर यांच्या पुढच्या कामात असं दिसलं की ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'आता कळलं' असे शब्द वाढत गेले, त्यांना फायदा जास्त झाला. याचा अर्थ, नुसतं भडाभडा ओकून भागत नाही. घटनेची आपल्यापुरती गोष्ट जुळावी लागते. नंतर असे कितीतरी अभ्यास झाले. सगळे मिळून पाहता फायदा होतो, पण सरासरीनं तो लहान असतो. हेही तुम्हाला माहीत असावं.

म्हणून लिहिणाऱ्यांसाठी काही पथ्यं. घाव अगदी ताजा असेल, तर त्यावर लगेच लिहायला बसू नका. त्या दिवसांत झोप, दोन घास आणि जवळ बसणारं माणूस यांची गरज जास्त असते. लिहायला घेतलंत, तर पंधरा मिनिटं झाली की वही मिटा. शुद्धलेखन बघू नका. घरात बोलता त्याच भाषेत लिहा, अहिराणी असो, मालवणी असो की वऱ्हाडी. लिहून झाल्यावर कागद फाडून टाकलात तरी चालेल. आणि चार दिवसांनी मन हलकं न होता जास्तच गढूळ होत असेल, तर थांबा आणि कुणाशी तरी बोला.

ज्यांना लिहिणं मानवत नाही त्यांनी हाताकडे वळावं. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं लुगडं, धोतर गोधडीत घालायची रीत आहे. आईचं लुगडं टाकवत नाही आणि बघवतही नाही. मग त्याची गोधडी होते आणि नातवंडं ती पांघरतात. कुणी भजनी मंडळात टाळ धरतं, कुणी परसात चार वाफे करतं. काय करता याला फारसं महत्त्व नाही. एक मात्र सांभाळा : पहिले काही दिवस ते व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर टाकू नका. टाकलं की किती जणांनी पाहिलं हे मोजणं सुरू होतं, आणि जात्यापाशी नसलेला परीक्षक पुन्हा येऊन बसतो.

आता सगळ्यात अवघड गोष्ट : वेळ. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या सुनेला 'स्वतःसाठी वीस मिनिटं काढ' असं सांगणं सोपं आहे. ती ती काढणार कुठून? स्वतःची काळजी ही एकट्या माणसाच्या इच्छाशक्तीची बाब समजली की तिचं आणखी एक ओझं होतं. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तेवढा वेळ आजाऱ्यापाशी बसलं पाहिजे. म्हणून इथे बसलेल्या मुलांना, नवऱ्यांना, भावांना आमचं सांगणं आहे : 'तू जरा आराम कर' असं नुसतं म्हणू नका. 'सहा ते साडेसहा मी बसतो' असं सांगा, आणि रोज बसा.

शेवटी मर्यादा. घडवणं हे मनाला बळ देतं, पण ते औषधाची जागा घेत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं लक्ष गेलेलं असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना भेटलंच पाहिजे. चालू असलेली गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं. घरातलं कुणी असं बोललं, तर 'असं बोलू नये' म्हणून त्याला गप्प करू नका. शांतपणे ऐका, त्याला एकटं सोडू नका, आणि मदतीपर्यंत त्याच्याबरोबर जा.

घरी गेल्यावर एवढंच करा. एक वेळ ठरवा, एक जागा ठरवा, हाताला एक काम निवडा आणि घरातल्या एका माणसाला त्याबद्दल सांगून ठेवा. पहिले आठ दिवस काही सुचणार नाही, बरंही वाटणार नाही कदाचित. तरी बसा. आता तुमचे प्रश्न घेऊ.