मोगरी आणि वेगाचा वर्ग

आषाढी एकादशीला जळगावच्या पिंप्राळ्यात रथ निघतो, तेव्हा भाविकांची नजर वर, विठ्ठलाकडे असते. मोगरीवाल्यांची खाली, चाकाकडे. मोगरी म्हणजे चाकाखाली सारायची लाकडी पाचर. रथ वळवायचा, थांबवायचा तो हिच्याच जोरावर. नववीच्या ‘गतीचे नियम’ या धड्यातली तीन समीकरणं मुलांना इथेच, रथापाशी शिकवावीत असं मला फार वाटतं.

सोयीचे आकडे घेऊ. रथ सेकंदाला १ मीटर वेगाने येतोय आणि मोगरीने तो अर्ध्या मीटरात थांबला. त्वरण किती? मुलं सवयीने पहिलं समीकरण उचलतात आणि अडतात, कारण त्यात वेळ लागतो आणि तो दिलेलाच नाही. राशी एकूण पाचच : सुरुवातीचा वेग, अंतिम वेग, त्वरण, वेळ, विस्थापन. तीन कळल्या की उरलेल्या दोन निघतात. म्हणून आधी शोधायचं, कोणती राशी दिलेलीही नाही आणि विचारलेलीही नाही? इथे वेळ. मग वेळ नसलेलं समीकरण घ्यायचं : अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन. म्हणजे ० = १ + २ × त्वरण × ०.५. त्वरण आलं उणे १ मीटर प्रति सेकंद वर्ग. उणे पाहून गोंधळायचं नाही. पुढची दिशा धन धरली होती, मोगरी उलट्या दिशेने रोखते आहे.

आता दोर ओढणाऱ्यांना चेव आला, वेग २ मीटर झाला. रोखण्याचं त्वरण तेच. थांबायला लागतील २ मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट! कारण थांबायला वेळ दुप्पट लागतो आणि त्या वेळातला सरासरी वेगही दुप्पट असतो. यातल्या शेवटच्या सेकंदात रथ अर्धा मीटर सरकतो, त्याआधीच्या सेकंदात दीड. एकास तीन. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात स्थिरावस्थेतून निघणाऱ्या वस्तूसाठी मांडलेली १, ३, ५, ७ ही चढण इथे उलट्या क्रमाने उतरते.

फक्त एक अट. त्वरण एकसमान हवं. प्रत्यक्षात चाक पाचरीवर चढू लागलं की अडथळा वाढत जातो, त्वरण बदलतं आणि ही समीकरणं जशीच्या तशी लागू पडत नाहीत. तेव्हा वेळेचे बारीक तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यापुरतं त्वरण स्थिर धरून, पुन्हा याच समीकरणांनी पुढे सरकावं लागतं.