जिन्झूकाठचा भात

कारखान्याचे सांडपाणी शेतात शिरले की पीक जळते, असा आपला समज. तांब्याच्या बाबतीत तो खरा आहे. जपानमधल्या आशियोच्या तांबेखाणीचे पाणी वातारासे नदीत उतरत होते; १८९०च्या महापुराने खाणीचा गाळ काठच्या शेतांवर पसरवला. जास्तीचे तांबे आधी मुळांवर घाव घालते. मुळे आखूड आणि जाड होतात, लोह वर चढत नाही, पाने पिवळी पडतात. बुडालेले पीक डोळ्यांना दिसत होते, म्हणून ओरडही लवकर झाली. तानाका शोझो या खासदाराने १८९१मध्ये संसदेत प्रश्न मांडला, आणि दहा वर्षांनी, तरीही दाद लागेना म्हणून, तो अर्ज घेऊन थेट सम्राटाच्या बग्गीकडे धावला.

कॅडमियम मात्र आतल्या गाठीचे. जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्त-शिशाची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम असतेच. खनिजाची बारीक पूड नदीतून पाटात, पाटातून तोयामाच्या भातखाचरांत जाऊन बसायची. तिथल्या बायकांची, विशेषतः बरीच बाळंतपणे झालेल्या प्रौढ बायकांची हाडे नुसत्या खोकल्यानेही मोडू लागली. ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, हेच आजाराचे नाव पडले. गावचे डॉक्टर हागिनो नोबोरू यांना जाणवले की रोगी आहेत ते जिन्झूच्या पाण्यावर शेती होणाऱ्या पट्ट्यातच. पिकांच्या नुकसानीचा अभ्यास करणारे कृषितज्ज्ञ योशिओका किनइची त्यांच्या जोडीला आले, आणि १९६१मध्ये दोघांनी कॅडमियमकडे बोट दाखवले. सरकारने ते मान्य करायला १९६८ उजाडले.

भाताच्या रोपाला कॅडमियमचा काहीच उपयोग नाही. ते आत शिरते मँगनीजच्या वाटेने. मुळातली जी प्रथिने मँगनीज आत घेतात, त्यांना दोहोंतला फरक कळत नाही. रोप जमेल तेवढे विष मुळांच्या पेशींतल्या रिक्तिकांमध्ये कोंडून ठेवते. उरलेले खोडातून वर जाते, पेरांपाशी अन्नरसात उतरते आणि लोंबीत भरते. गोम अशी की रोप पिवळे पडायच्या कितीतरी आधी दाणा खाण्यालायक राहत नाही. १९७०च्या जपानी कायद्याने बिनसडीच्या तांदळात किलोमागे १ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. २०११मध्ये ती ०.४ झाली. एवढेसे कॅडमियम असले तरी शेत हिरवेगारच दिसते.

पाण्याचा खेळ त्याहून चमत्कारिक. खाचरात पाणी तुंबलेले असते तेव्हा मातीत प्राणवायू नसतो. कॅडमियम गंधकाशी जखडून पडते. दाणा भरत आला की कापणीसाठी आपण पाणी काढून टाकतो, कोकणातही आणि जपानातही. माती भेगाळते, हवा शिरते, गाठ सुटते आणि मोकळे झालेले कॅडमियम नेमके दाणा भरताना मुळांच्या हाती लागते. मग पाणी शेवटपर्यंत ठेवावे? ठेवले, तर तुंबलेल्या मातीतले आर्सेनिक मोकळे होते. एक झाकायला जावे तर दुसरे उघडे पडते.

रोगी आणि त्यांचे नातेवाईक १९६८मध्ये कोर्टात गेले, १९७१मध्ये जिंकले, खाण चालवणाऱ्या कंपनीच्या अपिलातही १९७२मध्ये जिंकले. भरपाईपेक्षा मला त्यांनी पदरात पाडून घेतलेला दुसरा करार मोठा वाटतो: गावकऱ्यांनी तज्ज्ञ घेऊन हवे तेव्हा खाणीत शिरावे, तपासणी करावी, खर्च कंपनीचा. जमिनीचे काम मात्र २०१२पर्यंत चालले. विषारी थर खाली गाडून वर स्वच्छ माती पसरायची, अशी साडेआठशेहून अधिक हेक्टर शेती उलथीपालथी केली.

त्याच वर्षी जपानी शास्त्रज्ञांनी कोशिहिकारी भातावर कार्बन-आयनांचा मारा करून निवडलेले एक वाण जाहीर केले. त्याची ती मँगनीजची वाटच बिघडलेली आहे, त्यामुळे दाण्यात कॅडमियम जवळजवळ येत नाही. अर्थात मँगनीजही कमी येते. ज्या जमिनीत ते मुळातच तुटपुंजे आहे, तिथे या भाताच्या पानांवर तपकिरी ठिपक्यांचा रोग लवकर पडतो.