खाली मान, उघडे कान

“माझ्याकडे बघून बोल!” हे वाक्य आपल्या बेटावरच्या कोणत्या घरात ऐकू येत नाही? कोणी ते मराठीत म्हणतो, कोणी क्रिओलमध्ये, शाळेत ते फ्रेंच-इंग्रजीतून येते. मूल मान खाली घालून उभे असते आणि आपण धरून चालतो की ते ऐकत नाही, काही लपवते आहे किंवा आपला मान ठेवत नाही. मी पस्तीस वर्षे मराठीचा शिक्षक होतो. हे वाक्य मी किती वेळा उच्चारले याची गणती नाही. त्यातल्या एका वेळेची गोष्ट आज वाचकांना सांगायची आहे.

१९९० च्या सुमारास चौथ्या इयत्तेत एक मुलगा होता. धडा चालू असताना तो खिडकीच्या गजांकडे पाही आणि बोटांनी बाकाच्या कडेवर ताल धरी. एके दिवशी मी त्याला उभे केले. “माझ्या डोळ्यांकडे बघेपर्यंत खाली बसायचे नाही,” असे सगळ्या वर्गादेखत बजावले. बऱ्याच वेळाने त्याने डोळे वर केले. पुढे तो रोज माझ्याकडे पाहू लागला आणि मला वाटले, मुलगा सुधारला. त्याचे गुण मात्र उतरत गेले. त्याचा संबंध मी माझ्याशी कधी लावला नाही.

मागच्या वर्षी क्युरपिपच्या बसस्थानकावर तो भेटला. आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ. त्यानेच मला ओळखले, आणि तेही आवाजावरून. येणाऱ्या बसगाड्यांकडे पाहतच तो बोलत होता. त्याच्या मुलीला डॉक्टरांनी ऑटिझमचे निदान केले, आणि पाठोपाठ त्याचेही झाले. तो क्रिओलमध्ये जे बोलला त्याचा आशय असा : “गुरुजी, तुम्ही मला बघायला लावलंत, त्या दिवसापासून मला तुमचं ऐकू येईनासं झालं. डोळ्यांकडे बघितलं की डोळेच दिसायचे, शब्द पोचायचे नाहीत. माझी मराठी त्याच वर्षी सुटली.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

घरी येऊन मी या विषयावर मिळेल ते वाचले. ऑटिझमला मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द रूढ आहे, पण जरा फसवा आहे. ऐकणाऱ्याला वाटते की हा माणूस स्वतःतच बुडालेला, त्याला इतरांचे काही नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनीही अशा मुलांविषयी लिहिले. तेव्हापासून नजरेला नजर न देणे हे या अवस्थेचे एक लक्षण मानले गेले. पण लक्षण म्हणजे गुन्हा नव्हे. डॉक्टर ज्याची नोंद करतात, त्याचा आपण घरात आणि वर्गात आरोप करतो.

ऑटिझम असलेली अनेक माणसे सांगतात की समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे त्यांना प्रखर उजेडाकडे पाहण्यासारखे त्रासाचे वाटते. २०१७ साली अमेरिकेतील संशोधकांनी मेंदूची छायाचित्रे घेऊन याची तपासणी केली. चेहऱ्याच्या डोळ्यांच्या भागाकडेच पाहायला लावले, तेव्हा ऑटिझम असलेल्यांच्या मेंदूतील भावना आणि भीतीशी संबंधित भाग इतरांपेक्षा जास्त चेतवले गेले. म्हणजे त्यांची नजर वळते ती समोरच्या माणसाची पर्वा नसते म्हणून नव्हे. ते पाहणे सोसत नाही म्हणून.

आणि नजर वळवतो कोण नाही? अवघड हिशेब विचारला की आपणही छताकडे पाहतो. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले, की विचार करताना दुसरीकडे पाहायला शिकवलेली पाच वर्षांची मुले प्रश्नांची उत्तरे अधिक चांगली देतात. मी माझ्या वर्गात याच्या नेमके उलटे करीत होतो.

आता आपल्याच घराकडे पाहू या. कोकणातून आलेल्या आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी वडीलधाऱ्यांसमोर मान खाली असे. डोळ्याला डोळा भिडवून बोलणारा मुलगा उद्धट ठरे आणि खाली पाहणाऱ्या सुनेचे कौतुक होई. पुढे शाळा, कचेऱ्या आणि नोकरीच्या मुलाखती आल्या आणि तेथे उलटा नियम लागू झाला : डोळ्यांत पाहील तो प्रामाणिक, खाली पाहील तो लबाड. म्हणजे नजर ही सचोटीची खूण नसून निव्वळ रीत आहे, आणि ती आपण तीन-चार पिढ्यांत बदललीसुद्धा. मग एका मुलासाठी ती थोडी सैल करायला काय हरकत आहे?

जे नजरेचे तेच शरीराच्या बाकी हालचालींचे. कोणी बोलताना हात झटकतो, कोणी पुढे-मागे डुलतो, कोणाचा चेहरा आनंदातही हलत नाही, कोणी पाठमोरा उभा राहून ऐकतो. ते हलणे-डुलणे अनेकदा मन शांत ठेवण्यासाठी असते. ते थांबवले तर ऐकणेही थांबते. चंचल म्हणून बोलणी खाणाऱ्या, एडीएचडी असलेल्या कित्येक मुलांचे हात चालू असले तरच लक्ष टिकते.

दोष एकाच बाजूचा नसतो, हे डेमियन मिल्टन या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ साली मांडले. ते स्वतः ऑटिझम असलेले आहेत. पुढे २०२० साली याच विचाराला धरून एक प्रयोग प्रसिद्ध झाला, आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा. आठ-आठ जणांच्या साखळीतून एक गोष्ट पुढे सांगायची. सगळेच ऑटिझम असलेले होते तेथे गोष्ट तितकीच नीट पोचली, जितकी ऑटिझम नसलेल्यांच्या साखळीत पोचली. जास्त गळती झाली ती मिश्र साखळीत. म्हणजे त्यांना बोलता येत नाही असे नाही. आपल्याला एकमेकांचे बोलणे वाचता येत नाही.

मग करावे काय? समोर बसवून प्रश्न विचारण्यापेक्षा शेजारी बसावे. मोदक वळताना, मटार सोलताना, गाडीतून जाताना ही मुले मोकळी बोलतात. ऐकले का, हे डोळ्यांवरून न ठरवता “मी काय सांगितलं ते सांग बघू” असे विचारावे आणि उत्तराला वेळ द्यावा. डोळ्यांनी खुणावू नये. जे हवे ते शब्दांत सांगावे. न विचारता गालगुच्चा घेऊ नये की मिठी मारू नये. आपला नमस्कार आहेच, त्यात ना स्पर्श लागतो ना नजर. मोठ्यांनी मुलाखतीला जाताना “मी खाली बघून बोलतो, पण माझं लक्ष असतं,” असे आधीच सांगून टाकावे.

मात्र केवळ नजरेवरून कोणी घरच्या घरी निदान करू नये. ऑटिझम असलेले काही जण डोळ्यांत नीट पाहतात, काही टक लावूनही पाहतात. लहान मूल हाक मारली तरी वळत नसेल, बोट करून काही दाखवत नसेल, तर आधी कानांची तपासणी करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांसाठी आपल्या देशात २०१८ च्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण झाले आहे. पालकांनी लाजून मागे राहू नये.

बस आली तेव्हा त्या गृहस्थाने जाता जाता मला विचारले, “गुरुजी, मुलीला मराठीच्या वर्गाला घालू का? तिला वर बघायला लावणार नाहीत ना?” मला उत्तर देता आले नाही. बस निघून गेली.

आपली मुले मराठी सोडतात, अशी तक्रार आपण प्रत्येक सभेत करतो. त्यातली काही आपणच घालवली असतील. गणेश चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरेल, तेव्हा कोपऱ्यात समईकडे पाहत बसलेल्या मुलाची हनुवटी कोणी वर करू नये. त्याला आरती ऐकू येत असते. आणि त्या मुलीच्या बापाचे उत्तर माझ्याकडून राहिले. ते आता आपल्या मराठीच्या शिक्षकांनी आपल्या वर्गात द्यावे.