अवकाशस्थानकाचा रसदपुरवठा

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकात राहणाऱ्या माणसांना अन्न, पाणी, ऑक्सिजन, सुटे भाग, प्रयोगसाहित्य व रॉकेट इंधन पोहोचविण्याच्या व्यवस्थेला ही संज्ञा लावतात. इंधनाची गरज स्थानकालाही असते; कारण सु. ४०० किमी. उंचीवरही अतिविरळ वातावरणाच्या रोधामुळे त्याची कक्षा सतत खाली येते व ती वेळोवेळी उंचवावी लागते.

अमेरिकेच्या स्कायलॅबने (१९७३) तीन तुकड्यांना पुरेल एवढे अन्नपाणी प्रक्षेपणाच्या वेळीच बरोबर नेले होते. ही शिदोरी संपली की मुक्कामही संपणार, हे उघड होते. सोव्हिएट रशियाच्या सॅल्यूट–६ (१९७७) या स्थानकाला दोन जोडणीद्वारे होती. त्यामुळे एका द्वाराशी अंतराळवीरांचे सोयूझ यान असतानाच दुसऱ्याशी मालवाहू यान येऊ शकले. २० जानेवारी १९७८ रोजी निघालेल्या प्रोग्रेस–१ या निर्मनुष्य यानाने सु. २.३ टन माल नेला व स्थानकाच्या टाक्यांत कक्षेतच इंधन भरले. प्रोग्रेस परत येत नाही; शेवटी त्यात केरकचरा भरून ते वातावरणात जाळून टाकतात.

माल असा निर्मनुष्य यानाने जात असला, तरी समानव उड्डाणाचे महत्त्व कमी होत नाही. कारण त्याने नेलेली सर्वांत मोलाची वस्तू पुष्कळदा ते यानच असते. पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे माजी छात्र राकेश शर्मा हे ३ एप्रिल १९८४ रोजी मालिशेव व स्ट्रेकालोव यांच्यासह सोयूझ टी–११ मधून सॅल्यूट–७ कडे गेले. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेल्या भारतीय पदार्थांचीच चर्चा आपल्याकडे अधिक झाली. प्रत्यक्षात हे तिघे ११ एप्रिलला परतले, ते फेब्रुवारीपासून तेथे असलेल्या सोयूझ टी–१० मधून. नवे यान त्यांनी स्थानकावरील किझिम, सोलोव्योव व अत्कोव यांच्यासाठी ठेवले. सोयूझच्या अवतरण कक्षाची दिशा सांभाळणाऱ्या लहान रॉकेटांतील हायड्रोजन पेरॉक्साइडाचे हळूहळू विघटन होते. म्हणून दीर्घ मुक्कामात परतीचे यान बदलावे लागते. किझिम यांची तुकडी २ ऑक्टोबर १९८४ रोजी टी–११ मधूनच उतरली.

अमेरिकी अवकाशविमान माणसे व अवजड माल एकत्र नेई. त्याच्या इंधन विद्युत् घटांत उपफल म्हणून तयार होणारे पाणीही स्थानकाला मिळे. या सोयीतील धोका १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अपघातात कल्पना चावला यांच्यासह सात जण मृत्युमुखी पडल्यावर दिसून आला. ते उड्डाण स्थानकाकडे गेलेले नव्हते. तथापि सर्वच अवकाशविमाने जमिनीवर रोखल्यामुळे पाण्याची ओढ लागली. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर तिघांऐवजी दोघांनाच ठेवावे लागले व २००६ च्या जुलैपर्यंत ही स्थिती राहिली. जुलै २०११ मधील ॲटलांटिसच्या अखेरच्या फेरीत चारच अंतराळवीर होते. यान निकामी झाल्यास सुटकेसाठी दुसरे अवकाशविमान उरले नव्हते व सोयूझमधून एकेकाला आणावे लागले असते. त्यांनी रफाएल्लो या मालकक्षातून चार टनांहून अधिक सामग्री पोहोचविली.

खडकवासल्याचेच दुसरे माजी छात्र शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ रोजी ड्रॅगन यानातून निघाले व १५ जुलैला परतले. स्थानकाला जोडलेले ड्रॅगन हीच त्या काळात चारही प्रवाशांची संकटकालीन नौका होती. प्रोग्रेसला जे जमत नाही तेही त्याने केले : उपकरणे व प्रयोगांची सामग्री मिळून अडीचशे किग्रॅ.हून अधिक माल पृथ्वीवर आणला.