बुजवलं म्हणून वाचलं

रोममध्ये कलोसियमपासून थोड्याच अंतरावर सान क्लेमेंतेचं चर्च आहे. आज दिसते ती इमारत बाराव्या शतकातली. पण संत जेरोमनं इ.स. ३९२मध्ये उल्लेख केलेलं चर्च ते हेच, अशी शतकानुशतकं जाणकारांचीही समजूत होती. १८५७मध्ये इथल्या आयरिश डॉमिनिकन मठाचे प्रमुख जोसेफ मुलूली यांनी खोदकाम सुरू केलं आणि ती समजूत खोटी ठरली. जेरोमच्या काळातलं चर्च त्याच्याच पोटात निघालं, दगडमातीनं गच्च भरलेलं.

इ.स. ११००च्या सुमारास जुन्या चर्चच्या खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंतींनी बंद केल्या, आत भराव टाकला आणि त्यावर नवं, जरा अरुंद चर्च उभं केलं. उपयोगी ते मात्र वर नेलं. गायकवृंदाच्या जागेभोवतीच्या संगमरवरी कठड्यांवर आजही सहाव्या शतकातले पोप दुसरे जॉन यांची नाममुद्रा दिसते. वेदीमागच्या अर्धघुमटात सोनेरी मोझेइक आहे. क्रूसावर बारा पांढरी कबुतरं आणि बुंध्यापासून पसरलेल्या वेलींच्या वेटोळ्यांत रोजच्या कामातली माणसं. एक बाई तर कोंबड्यांना दाणे टाकते आहे. अठराव्या शतकात वरच्या चर्चला नवा दर्शनी भाग आणि नक्षीदार छत मिळालं. खालच्या भिंती त्या हौसेतून सुटल्या.

म्हणूनच तिथलं अकराव्या शतकाच्या अखेरचं एक भित्तिचित्र हाती लागलं. सिसिनियस नावाचा सरदार संत क्लेमेंतला बांधून ओढायला सांगतो. भ्रम झालेले नोकर दगडी खांबालाच दोर बांधून ओढू लागतात. संताच्या तोंडी लॅटिन आहे, सरदाराच्या तोंडी मात्र बाजारी बोलीतली सणसणीत शिवी. लोकभाषेतल्या इटालियनच्या अगदी जुन्या लिखित नमुन्यांत तिची गणना होते. तीही चर्चच्या भिंतीवर!

या जुन्या चर्चच्याही खाली रोमन इमारती आहेत आणि मिथ्र देवाचं कमानदार छताचं देवघर: दोन्ही बाजूंना दगडी ओटे, मधे बैल मारणाऱ्या मिथ्राची वेदी. खोदल्यावर इथे पाणी साचू लागलं. शेवटी १९१२ ते १९१४ या काळात बोगदा काढून ते शहराच्या जुन्या गटाराकडे वळवावं लागलं. भित्तिचित्रांचे रंगही उघड्यावर आल्यापासून फिकटत गेले. साडेसातशे वर्षं भरावानं राखण केली. ते काम आता माणसांच्या गळ्यात पडलं आहे.